वन बीएचकेतलं ऑफिस

मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात अंधेरी पूर्वेच्या सीप्झमधून, मालाडच्या माइंडस्पेसमधून, पवई-चांदिवलीच्या काचेच्या इमारतींमधून असं सामान बाहेर पडायला लागलं, जे एरवी वॉचमनने फाटकापर्यंतही येऊ दिलं नसतं. ज्यांच्याकडे कंपनीचा लॅपटॉप होता ते सुटले. बाकीच्यांनी डेस्कटॉपच उचलला. रिक्षात मांडीवर मॉनिटर, पायाशी सीपीयू आणि गळ्यात वायरींची गुंडाळी, अशी ती वरात. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्याच मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या आणि २४ च्या रात्री देशभर कुलूप लागलं. तोवर उपनगरातल्या कितीतरी घरांत कुठल्या तरी परदेशी बँकेचं किंवा विमा कंपनीचं एक टोक येऊन पोचलं होतं. ते ठेवलं गेलं डायनिंग टेबलवर, आणि टेबल नसेल तिथे इस्त्रीच्या टेबलावर.

सीप्झचं म्हणाल तर नावात सांताक्रूझ, पत्ता अंधेरीचा. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी हे क्षेत्र उभं राहिलं. आज तिथे सॉफ्टवेअरइतकाच, किंबहुना जास्त, दबदबा हिरे-दागिन्यांचा आहे. दागिन्यांच्या कारखान्यातून बाहेर पडताना झडती होते आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. संगणकाचंही वेगळं नव्हतं. विशेष आर्थिक क्षेत्रात यंत्रं शुल्कमाफीने येतात, त्यामुळे तिथला साधा लॅपटॉप फाटकाबाहेर नेणं हाही नोंदीचा मामला. घरून काम करण्याचा रीतसर नियम या क्षेत्रांसाठी आला तो थेट १४ जुलै २०२२ ला. तोही आधी निम्म्याच कर्मचाऱ्यांपुरता होता आणि त्या डिसेंबरात सगळ्यांना लागू झाला. म्हणजे लोक दोन वर्षं घरून काम करून कंटाळल्यावर नियम झाला. तोवर सगळं तात्पुरत्या सवलतींवर निभावलं.

कॉल सेंटरांची गोष्ट आणखी कडक. तिथल्या ‘फ्लोअर’वर मोबाइल न्यायचा नाही, पेन न्यायचं नाही, कागदाचा चिटोराही नाही. सगळं लॉकरमध्ये. हा सोवळेपणा उगाच आलेला नव्हता. एप्रिल २००५ मध्ये पुण्यात एम्फसिसच्या बीपीओतलं प्रकरण उघडकीला आलं. अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले गेले होते आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांमध्ये वळवले होते. कुठलंही यंत्र फोडलेलं नव्हतं, ग्राहकांनी पिन आपण होऊन सांगितले होते. त्यानंतर भारतातल्या बीपीओंनी परदेशी ग्राहकांना जी सुरक्षा विकली ती मुख्यतः इमारतीची सुरक्षा होती. ॲक्सेस कार्ड, कॅमेरे, लॉकर आणि एकामागून एक दोघे दारातून घुसू नयेत म्हणून फिरतं फाटक. दूरसंचार खात्याचे नियमही त्याच चालीचे. घरून फोन घ्यायचे तर सुरक्षा ठेव भरा, करार करा, अमुकच प्रकारचं जाळं वापरा. १३ मार्च २०२० ला खात्याने यातल्या अटी महिना-दीड महिन्यापुरत्या शिथिल केल्या, मग मुदत वाढवत नेली आणि ५ नोव्हेंबर २०२० ला नियमच सैल करून टाकले.

आपत्तीची तयारी नव्हती असं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि हजारो लोकांनी ती रात्र ऑफिसात काढली, तेव्हापासून उपनगरातल्या प्रत्येक मोठ्या कंपनीकडे आपत्कालीन योजनेची जाडजूड फाइल असते. पण तिचं गृहीतक एकच: एक इमारत बुडाली तर माणसं दुसऱ्या इमारतीत न्यायची. सगळ्याच इमारती एकदम बंद होतील हे त्या फाइलीत कुठे असणार?

टीसीएससारख्या साडेचार लाख माणसांच्या कंपनीने काही आठवड्यांत आपली बहुतेक माणसं घरून कामाला लावली आणि २०२५ पर्यंत पंचवीस टक्क्यांहून जास्त लोकांना ऑफिसात यायची गरज उरणार नाही असंही जाहीर केलं. पुढे ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस हजेरी मागितली. आज अंधेरी-गोरेगावच्या बहुतेक कंपन्या या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहेत, दोन दिवस घरी, तीन दिवस ऑफिसात. लॅपटॉप मात्र सातही रात्री घरी मुक्कामाला असतो.

हा लॅपटॉप सांभाळायचा कसा, याच्या सूचना कंपन्या पाठवतात. मी अशा सूचना बऱ्याच वाचल्या. इंग्रजी चांगलं असतं. पहिलाच सल्ला बहुधा असा, की कामासाठी स्वतंत्र खोली ठेवा आणि तिचं दार बंद करता येईल असं पाहा. घाटकोपरच्या पंतनगरात किंवा मुलुंड पूर्वेला साडेतीनशे-चारशे चौरस फुटांत पाच माणसं राहतात. त्यांना हा सल्ला देणाऱ्याने एकदा तिथे येऊन ते दार दाखवावं. बंद होणारं दार एकच असतं आणि सकाळी साडेसात ते नऊ त्याच्यापुढे रांग असते.

अशा घरात गुपित राहत नाही, आणि राहावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. सासूबाईंना सुनेच्या मॅनेजरचं नाव माहीत असतं, शेजारच्या काकूंना महिन्याचं टार्गेट. त्यात वाईट हेतू नसतो, माणसं ऐकतात एवढंच. १५ जून २०२० ला महाराष्ट्रातल्या शाळा ऑनलाइन सुरू झाल्या तेव्हा घरात पडदा एकच होता आणि तो कंपनीचा होता. सकाळी मुलीचा तास, दुपारी आईची शिफ्ट. मुलीला वर्गाच्या लिंकसाठी ब्राउझर हवा, वर्ग संपल्यावर गेम हवा, गेमच्या फुकट प्रतीसाठी कुठली तरी फाइल उतरवायला हवी. कंपनीच्या नियमावलीत हे सरळसरळ उल्लंघन आहे. पण त्या आईने काय करायला हवं होतं, हे नियमावली सांगत नाही.

म्हणून मला वाटतं, या घरांसाठी सुरक्षेचा विचार खोली धरून करण्यात अर्थ नाही. तो यंत्र धरून करायला हवा. खोली लागत नाही असे उपाय भरपूर आहेत. दोन मिनिटं हात लागला नाही की पडदा आपोआप कुलूपबंद व्हावा. उठताना विंडोजचं चिन्ह आणि ‘एल’ ही दोन बटणं एकदम दाबायची, ही गॅस बंद करण्याइतकी अंगवळणी पडलेली सवय हवी. बाजूने पाहणाऱ्याला काळा दिसेल असा पडद्यावर लावायचा पातळ कागद मिळतो, तो कंपनीने द्यावा. हेडफोनही द्यावा, म्हणजे निदान पलीकडच्या ग्राहकाचा आवाज घरभर होत नाही. ज्या खात्यात आपण रोज काम करतो त्याला नवा प्रोग्राम चढवण्याचा अधिकारच नसावा, म्हणजे मुलीने फाइल उतरवली तरी ती बसणार नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मुलांसाठी घरात दुसरं काहीतरी असावं, जुना टॅब का असेना. कंपनीने तोही दिला तर कंपनीचाच फायदा आहे. एका जुन्या टॅबची किंमत आणि एका रॅन्समवेअरची किंमत यांची तुलना करायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही.

आता इंटरनेट. उपनगरात ते अजूनही बऱ्याच ठिकाणी केबलवाल्याच्या हातून येतं. गच्चीवरून गच्चीवर लोंबणारी काळी वायर, खिडकीच्या चौकटीला ड्रिलने पाडलेलं भोक आणि टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेला राउटर. जोडून देणारा पोरगा घाईत असतो, त्याला अजून चार घरं करायची असतात. तो विचारतो, पासवर्ड काय ठेवू? घरातून उत्तर येतं, मोबाइल नंबरच ठेव, लक्षात राहील. मग तो नंबर वरच्या मजल्यावरच्या भाच्याला कळतो, गणपतीत आलेल्या पाहुण्यांना कळतो. याहून मोठी गोष्ट कुणी विचारतच नाही. राउटरची सेटिंग बदलण्याचा आणखी एक, वेगळा पासवर्ड असतो आणि तो बहुधा कारखान्यातून आला तसाच राहतो, ‘ॲडमिन’ आणि पुन्हा ‘ॲडमिन’. तो ज्याच्या हाती लागेल त्याला तुमच्या घरातून निघणारी प्रत्येक चौकशी भलत्याच पत्त्यावर वळवता येते. तुम्ही बँकेचं नाव टाइप कराल आणि पोचाल बँकेसारख्या दिसणाऱ्या पानावर.

हा पासवर्ड बदलायला दहा मिनिटं लागतात. त्याच पानावर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय सुरू करता येतं. टीव्ही, मुलांचा टॅब, दारावरचा कॅमेरा त्यावर टाकावेत आणि ऑफिसचा लॅपटॉप मूळ जाळ्यावर एकटा ठेवावा. पण राउटरचा बाऊही करू नये. कंपनीचा व्हीपीएन नीट चालू असेल तर घरचं वायफाय कितीही गावठी असलं तरी आतून जाणारा मजकूर गुंडाळलेलाच असतो. सुरक्षेवरच्या लेखांमध्ये राउटरला जेवढी जागा मिळते, तेवढी खरं तर टेलिफोनला मिळायला हवी. त्याकडे येतोच.

त्याआधी १२ ऑक्टोबर २०२०. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा वीजपुरवठा एकदम गेला. लोकल होत्या तिथे थांबल्या, काही भागांत वीज यायला रात्र झाली. मुंबईकरांना लोडशेडिंगची सवय नाही, त्यामुळे घरात इन्व्हर्टर नाही. साडेचार महिन्यांनी, म्हणजे २०२१ च्या फेब्रुवारीअखेर, अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्युचर या कंपनीने भारताच्या वीजयंत्रणेत चिनी गटाने घुसखोरी केल्याचा अहवाल काढला. तेव्हाचे राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाचा दाखला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. दोन सरकारं, दोन उत्तरं. घरून काम करणाऱ्याच्या दृष्टीने त्या दिवशीचा धडा वेगळाच होता. राउटर मेला तशी माणसं फोनच्या हॉटस्पॉटवर गेली, फोनची बॅटरी संपत आली तशी जिथे मिळेल तिथे जोडायला लागली. अडचणीत माणूस मिळेल त्या वायरीला लॅपटॉप लावतो. कंपनीच्या धोरणात ‘वीज गेली तर काय’ याची एक ओळ असेल तर तो लावणार नाही. ओळ साधी आहे: काम थांबवा, मेसेज टाका, पगार कापला जाणार नाही.

तर टेलिफोन.

१५ जुलै २०२० ला ओबामा, बायडन, बिल गेट्स, इलॉन मस्क आणि ॲपल यांच्या ट्विटर खात्यांवरून एकाच मजकुराचे संदेश निघाले, बिटकॉइन पाठवा, दुप्पट परत देतो. पाठवणारेही निघाले. लाखभर डॉलरहून जास्त रक्कम जमली. मुख्य आरोपी निघाला फ्लोरिडातला सतरा वर्षांचा मुलगा. न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा खात्याने चौकशी केली तेव्हा आत शिरण्याची वाट अगदी ओळखीची निघाली. ट्विटरचे कर्मचारी घरून काम करत होते आणि व्हीपीएनच्या कटकटी रोजच्या होत्या. त्यांना फोन गेले: आयटी विभागातून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनची तक्रार आहे ना? प्रत्येकाची असतेच. मग खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पानावर लॉगिन करायला लावलं. कर्मचारी इकडे पासवर्ड टाइप करत होता, तिकडे तोच पासवर्ड खऱ्या पानावर टाकला जात होता. कर्मचाऱ्याच्या फोनवर खरीखुरी खात्री-सूचना आली आणि त्याने ‘हो’ म्हटलं.

हा फोन अंधेरीत मराठीत, हिंदीत किंवा आयटी कंपन्यांतल्या त्या खास मिश्र बोलीत येतो. बोलणाऱ्याला तुमचं नाव माहीत असतं, हुद्दा माहीत असतो, मॅनेजरचं नावही. हे सगळं तुम्हीच लिंक्डइनवर लिहून ठेवलेलं असतं. तो घाई करत नाही. आधी सहानुभूती दाखवतो, सर्व्हर स्लो आहे ना आज, मग एक छोटं काम सांगतो. एनीडेस्क उतरवा आणि नऊ आकडे वाचून दाखवा. एनीडेस्क हे मुळात सरळमार्गी साधन आहे, दुरून संगणक दुरुस्त करण्याचं. पण त्याच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं, तेव्हा महामारीचा मागमूस नव्हता. ऑफिसात असा फोन आला असता तर शेजारच्या खुर्चीतल्याला विचारता आलं असतं, काय रे, तुलाही आला का? घरी शेजारची खुर्ची नसते. घरून काम करताना कमी झालेली सुरक्षा कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी फाटक आणि लॉकर यांच्या आधी या खुर्चीचं नाव घेईन.

उपाय जुनाच आहे. फोन ठेवायचा आणि कंपनीच्या आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. त्यासाठी तो नंबर लॅपटॉपमध्ये नको, फ्रिजवर चिकटवलेला हवा. आणि तो कुणीतरी उचलायला हवा. हेल्पडेस्कने तिकीट काढून चोवीस तासांनी उत्तर दिलं तर खोटा आयटीवाला जिंकणारच, कारण निदान तो लगेच बोलतो. ट्विटरने त्या प्रकारानंतर कर्मचाऱ्यांना यूएसबीत खोचायच्या सुरक्षा-किल्ल्या दिल्या. त्यांची गंमत अशी की समोरचं पान नकली असेल तर किल्ली चालतच नाही, माणूस फसला तरी ती फसत नाही.

घरचं यंत्र आणि ऑफिसचं यंत्र यांची सरमिसळ किती महाग पडते याचं उदाहरण म्हणजे लास्टपास. ही कंपनी लोकांचे पासवर्डच सांभाळते, म्हणजे काळजी घेण्यात कमी नसावी. २०२२ मध्ये हल्लेखोरांनी तिच्या अशा एका अभियंत्याला हेरलं, की तिजोरीच्या किल्ल्या ज्या चौघांकडे होत्या त्यांतला तो एक. त्याच्या घरच्या संगणकावर सिनेमे पाहण्याचं एक सॉफ्टवेअर होतं, प्लेक्स नावाचं. त्यातलं भोक प्लेक्सने मे २०२० मध्येच बुजवलं होतं, पण या अभियंत्याने नवी आवृत्ती घेतलीच नव्हती. त्या भोकातून शिरून कळा टिपणारा प्रोग्राम बसवला गेला आणि अभियंत्याचा मुख्य पासवर्ड अक्षर अक्षर करून बाहेर गेला. सिनेमाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट ‘नंतर आठवण करा’ म्हणून ढकलणं, हे आपल्यापैकी कुणी केलेलं नाही?

घरी जे होतं त्याहून वेगळा धोका वाटेत. हायब्रिड, म्हणजे काही दिवस घरी, काही दिवस ऑफिसात, याचा अर्थ लॅपटॉपचाही प्रवास. बोरिवली फास्टमध्ये बॅग रॅकवर जाते, मालक दारापाशी ढकलला जातो आणि अंधेरीला उतरताना एक हात मोकळा राहतो. विसरलेल्या सामानासाठी रेल्वे सुरक्षा दलाचं ‘ऑपरेशन अमानत’ आहे, १३९ वर कळवता येतं आणि बॅगा परतही मिळतात. पण बॅग मिळेपर्यंत ती कुणाच्या हातात होती हे कळत नाही. इथे प्रश्न एकच: डिस्क कूटबद्ध होती का? असेल, तर गेला तो तीस-चाळीस हजारांचा डबा. नसेल तर पासवर्ड असूनही उपयोग नाही, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली की सगळं वाचता येतं. हीच गोष्ट दुरुस्तीची. पडदा तडकला की पाय आपोआप स्टेशनबाहेरच्या दुकानाकडे वळतात, कारण कंपनीचा इंजिनीअर यायला आठवडा. दुकानदार प्रामाणिकच असतो बहुधा, पण तो पहिली गोष्ट मागतो ती पासवर्ड, चेक करायला. पडदा बदलायला पासवर्ड लागत नाही, हे त्याला ठामपणे सांगावं.

या सगळ्यावर कंपन्यांचं एक लाडकं उत्तर आहे, पाळत. किती वेळ माउस हलला, किती कळा दाबल्या, दर दहा मिनिटांनी पडद्याचं छायाचित्र. याला सुरक्षा म्हटलं जातं. मला त्यात सुरक्षा कमी आणि मुकादमी जास्त दिसते. मुकादम डोक्यावर बसला की मजूर युक्ती काढतोच. अमेरिकेत वेल्स फार्गोने २०२४ मध्ये डझनभराहून जास्त लोकांना कामावरून काढलं, कारण ते कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण करत होते. आपल्याकडेही माउस आपोआप हलवणारी यूएसबी कांडी ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळते. आता विचार करा. कोण बनवतो, आत काय आहे, कशाचा पत्ता नाही, अशी वस्तू माणूस कंपनीच्या लॅपटॉपात खोचतो, ती कंपनीच्या पाळतीपासून सुटण्यासाठी. पाळत ठेवणाऱ्यांनी स्वतःच आणलेला हा धोका आहे.

शिवाय पाळतीने माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस चूक लपवतो. इथे कायद्याचं गणित आड येतं. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हे सगळं कंपनीवर. पण घड्याळ खरं सुरू होतं ते मुलुंडमधल्या एखाद्या टेबलापाशी, शुक्रवारी रात्री अकराला, चुकीच्या लिंकवर क्लिक झाल्यावर. तिथे काम करणाऱ्या तरुणीचं प्रोबेशन चालू आहे. सोमवारी सांगू, कदाचित काही झालंही नसेल, असं तिला वाटतं. शनिवार-रविवार म्हणजे चोरासाठी अठ्ठेचाळीस तासांचं मोकळं रान.

तिने त्याच रात्री सांगावं असं वाटत असेल तर आधी कुणीतरी सांगून नोकरी शाबूत राहिलेली तिने पाहिलेली असली पाहिजे. पोस्टर लावून हे होत नाही. मॅनेजरने टीमच्या कॉलवर नाव न घेता का होईना सांगावं लागतं, की गेल्या महिन्यात आपल्यातल्या एकाने पंधरा मिनिटांत कळवलं, म्हणून वाचलो. आणि ते खरं असावं लागतं. पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे, मुंबई पोलिसांची विभागवार सायबर ठाणी आहेत. तिथे जेवढं लवकर, तेवढी रक्कम वाटेत गोठवण्याची शक्यता जास्त.

राहिला नोकरी सोडून जाणारा. महामारीच्या काळात रुजू होऊन ऑफिसची पायरी न चढताच राजीनामा दिलेले लोक उपनगरात पुष्कळ सापडतात. लॅपटॉप खोक्यात घालून कुरिअरने परत गेला, पावतीचा फोटो एचआरला पाठवला, संपलं. खातं मात्र कित्येकदा जिवंत राहतं. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कोलोनियल पाइपलाइन बंद पडली, ती अशाच एका वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यामुळे. त्याला ओटीपीसारखं दुसरं कुलूपही नव्हतं. तेव्हा नोकरी सोडताना खोकं पाठवलं की एचआरला एक ईमेल आपणच टाकावा: माझी सगळी खाती बंद केल्याचं लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा टाकावा. पुढे त्या खात्यातून काही उद्योग झाले, तर चौकशीचा पहिला फोन आपल्यालाच येतो.